दोनशे छत्तीस गाठी

हत्तुरे मामांनी कॉम्प्युटरच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, कीबोर्डवर झेंडूची माळ आडवी ठेवली आणि पेटलेली उदबत्ती फ्लॉपीच्या फटीत खोचायला निघाले, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"मामा, तिथं नको."

"बरं, तिथं नको." त्यांनी उदबत्ती केळ्यात खोचली. "पण आता हात लावायचा नाही बघा साहेब. खंडेनवमी आहे. पूजा झालेल्या हत्याराला आज काम सांगत नसतात."

"उद्या दसरा. परवा रविवार. म्हणजे सोमवारपर्यंत मी काय करायचं?"

"तुळजापूर करून या की. आलाच आहात एवढ्या लांब."

सकाळचे नऊ वाजले होते. खालून सूतकताईच्या खात्यांचा आवाज जमिनीतून पायात चढत होता. तिथल्या मशिनांची पूजा चार वाजता, पाळी संपताना व्हायची होती. आख्ख्या गिरणीत नऊ वाजता देवाला बसलेलं एकच यंत्र होतं, आणि ते नेमकं मला हवं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सन दोन हजार. पुण्याहून गावोगाव जाऊन कारखान्यांतले जुने, डॉसवर चालणारे प्रोग्राम दुरुस्त करायचो. लिहिणारे कधीच नोकऱ्या सोडून गेलेले असायचे. कागद नसायचे, खुणा नसायच्या. दुसऱ्यानं अर्धवट विणून टाकलेलं हातात घ्यायचं आणि त्याचा टाका ओळखायचा, असं ते काम. मला ते जमायचं, आणि जमतं याचा ताठा होता.

सोलापुरातल्या या गिरणीत मला बोलावलं होतं पर्सोनेल मॅनेजर चांदोरकरांनी. स्टेशनवरून स्वतःच्या गाडीतून आणलं. गाडीतच काम सांगितलं. "बदली कामगारांच्या हजेरीचा प्रोग्राम आहे. त्यातून दर महिन्याला एक फेरयादी निघते. गेल्या महिन्यात कोरी निघाली. वर्षाच्या दोन शून्यांचा घोळ असणार. बाकी सगळं ठीक आहे."

"फेरयादी म्हणजे?"

"रूटीन हो. ज्यांचा क्रम आला त्यांची नावं."

अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण बुधवारी, पहिल्या दिवशी, कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली शिपायाच्या खिशातून अक्कलकोटला गेली होती. ती संध्याकाळी परत आली. गुरुवारी प्रिंटरची रिबीन नव्हती. हत्तुरे मामांनी ती शाई भरायला दिली होती, कुठल्या दुकानात ते त्यांना आठवेना. बसप्पा हत्तुरे गिरणीचे टाइमकीपर. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कानावर पेन्सिल. काम सोडून बाकी सगळ्याला तत्पर. मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली, सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेऊन आणलं, कॉम्प्युटर सोडून जगातलं सगळं दाखवलं. मला वाटलं, म्हातारा कामचुकार आहे. तसं मी वहीत लिहूनही ठेवलं.

त्याच गुरुवारी सत्यभामाबाई वाघमोडे भेटल्या.

रिबीन येईपर्यंत मी रीलिंग खात्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सुताच्या लडी करणारं ते खातं, सगळ्या बायका. जेवणाच्या सुट्टीत एक बाई खांबाला टेकून बसली होती. केसांत कापसाची भुरभुर, जणू केस अवेळी पिकलेले. हातात कच्च्या सुताची दोरी. त्या दोरीला ती गाठ मारत होती आणि स्वतःशीच म्हणत होती,

"सांज गं झाली बाई, दोरीला गाठ मारू
पळत्या दिसांना मी, दाव्याला किती धरू."

"सांज कुठं झाली? अजून एकच वाजलाय," मी म्हणालो.

"गान्यात झाली न्हवं." तिनं वर पाहिलं. "तुमीच का पेटीचं डागदर? आजारी हाय म्हनं पेटी."

"थोडीशी."

"मग येक बगाल का? माजं किती दिस धरल्यात पेटीनं?" तिनं दोरी पुढं केली. "हितं दोनशे पस्तीस हैत. आजची धरून. ईस झाल्या की मधी लाल धागा."

मी दोरी हातात घेतली. बारीक, एकसारख्या गाठी. माझ्या कुठल्याही प्रोग्रामात इतकी नीट रांग नव्हती.

"कशासाठी मोजता?"

"दोनशे चाळीस भरलं की पर्मनंट. कायदाच हाय तसा." तिनं बोटानं बाहेर दाखवलं. गिरणीला एक मोठं लोखंडी फाटक होतं आणि त्याच्या बाजूला भिंतीत एक खिडकी. "पर्मनंटवाल्या फाटकातनं सरळ आत जात्यात. आमी बदलीवाल्या खिडकीम्होरं हुबं ऱ्हातो. मामा नाव पुकारत्यात. पुकारलं तर आत, न्हाईतर घरी. नऊ वर्सं झाली हुबं ऱ्हाऊन."

"नऊ वर्षांत दोनशे चाळीस झाले नाहीत?"

"दरसाली मधीच धागा तुटतो."

कसा तुटतो, ते मी विचारलं नाही. भोंगा झाला होता आणि मला रिबिनीची घाई होती.

"ह्ये शेवटचं वरीस," ती उठता उठता म्हणाली. "पंचेचाळीस झाल्यावर बदलीला नवं कारड देत न्हाईत. औंदा श्रावणात मला पंचेचाळीस झाली. येकदा त्या फाटकातनं जायाचं हाय, कुनी नाव न पुकारता. मालकिनीवानी. मग मेली तरी बेस." आणि हसली. "मरायचं म्हंजे, आत जाऊन."

दुपारी रिबिनीशिवायच मी मशीन सुरू केलं. रोजची हजेरी मोजणारा भाग आधीच कुणीतरी दुरुस्त केलेला होता. वाघमोडे, सत्यभामा केरबा. दोनशे पस्तीस. पाळी सुटताना मी जिन्यावरून तिला ओरडून आकडा सांगितला. तिनं दोरी कपाळाला लावली.

"खरं बोलती म्हनायची पेटी."

हत्तुरे मामा माझ्यामागं उभे होते. "साहेब," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "चला, चहा घेऊ."

आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर देवाला बसवला.

मी चांदोरकरांना फोन लावला. मामांच्या समोरच. "सर, तीन दिवस झाले. तुमचे टाइमकीपर मला काम करू देत नाहीयेत. आता मशीनची पूजा घातलीय."

पलीकडून हसू आलं. "काढा ती फुलं. मी सांगितलंय म्हणून सांगा."

मी माळ उचलून टेबलाच्या कडेला ठेवली. मामांनी ती उचलली आणि धोतराच्या सोग्यात एक एक फूल जपून घेतलं. कुंकवाचं बोट मी रुमालानं पुसलं. काचेवर एक लालसर रेघ राहिली, दिवसभर अक्षरांच्या मागं दिसत होती.

"मामा, यंत्राला देव कळत नाही हो," मी म्हणालो.

"खरं आहे. त्याला काहीच कळत नाही."

दोष सापडायला तासभर लागला. कार्डावरचं वर्ष दोन आकडी होतं. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं नियम घातला होता: वर्षाच्या जागी शून्य दिसलं तर कार्ड कोरं समजायचं आणि पुढं जायचं. नव्याण्णवपर्यंत ठीक. दोन हजार साली दिलेलं प्रत्येक कार्ड त्याला कोरं दिसायला लागलं. एक ओळ. मी ती बदलली. खाली आणखी साठ-सत्तर ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. त्या चालत होत्या. चालणाऱ्या ओळी कोण वाचतो?

"रिबीन सापडली का मामा?"

मामांनी टेबलाचा खण उघडला आणि रिबीन माझ्या हातात दिली. ती तिथंच होती. त्यांनी सबब सांगितली नाही, मीही विचारलं नाही. प्रिंटर कुरकुरत चालला आणि कागद खाली उतरला. एकोणचाळीस नावं. जानेवारीत एकदमच नवी कार्डं मिळालेल्या रीलिंग खात्यातल्या बायका. पहिल्याच पानावर सत्यभामाबाई.

मामांनी कानावरची पेन्सिल काढून नावं मोजली.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही सुटलेलं नाही."

चांदोरकर खूश झाले. म्हणाले, सोमवारी सकाळची पहिली हजेरी नव्या यादीवर निघू दे, ती बघून जा. तोवर गेस्टहाउसवर आराम करा. मी तुम्हाला शिफारसपत्र देतो. मी अहवाल लिहिला. दुरुस्ती दोन ओळींत, आणि खाली एक वाक्य: टाइमकीपरकडून सतत असहकार.

दसऱ्याच्या संध्याकाळी सत्यभामाबाई गेस्टहाउसच्या पायऱ्यांशी आल्या. धुतलेल्या केसांत आता कापूस नव्हता. पांढरे दिसत होते ते खरंच पिकलेले होते. ओंजळीत आपट्याची पानं.

"सोनं घ्या साहेब. सोन्यावानी ऱ्हावा."

मी पानं घेतली, आणि मला काहीतरी परत द्यावंसं वाटलं. घरापासून लांब, सणाच्या दिवशी कुणीतरी आपल्याकडं आलं होतं. देण्यासारखी एकच गोष्ट जवळ होती.

"सत्यभामाबाई, नवीन यादी निघाली. तुमचं नाव आहे. पहिल्याच पानावर."

"कसली यादी?"

"ज्यांचा क्रम आला त्यांची."

"पर दिस तर चार बाकी हैत. कालची धरून दोनशे छत्तीस."

"मशीननं पुढचे चार धरले असतील." मी हे म्हणालो. मला माहीत नव्हतं, आणि मी म्हणालो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला माहीत नाही असं सांगत नाहीत.

"म्हंजी खिडकीम्होरं हुबं ऱ्हायाचं न्हाई?"

"असं दिसतंय खरं."

तिनं पदर तोंडाला लावला. मग एकदम वाकली, आणि मी मागं सरायच्या आत माझ्या बुटांना हात लावून तो हात कपाळाला नेला. माझ्या आईपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असेल.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी गिरणीसमोर उभा होतो. खिडकीपुढं बायकांचा घोळका. हातांत डबे, दंडावर पोरींना बांधतात तसे काळे दोरे. आत हत्तुरे मामा चष्मा पुसत होते. रात्रपाळीनं छापून ठेवलेला हजेरीचा कागद त्यांच्यासमोर होता.

सत्यभामाबाई घोळक्यात नव्हत्या. त्या रस्त्याच्या पलीकडून आल्या. हिरवं लुगडं, घडी मोडलेली आजच असावी. अंबाड्यात झेंडूचं फूल. खिडकीकडं त्यांनी पाहिलं नाही. मानेनं सरळ, पावलानं सरळ, मोठ्या फाटकाकडं. घोळका वळून बघायला लागला. एक जण म्हणाली, "अगं भामे, कुटं?" दुसरी म्हणाली, "जाऊ दे तिला, यादीत नाव आलंय म्हनं तिचं. त्या पुण्याच्या साहेबानं सांगितलं."

वॉचमननं काठी आडवी धरली.

"कार्ड?"

"माजं नाव यादीत हाय."

"यादी मामांकडं. तिकडं जा."

"आज तिकडं न्हाई जायाचं मला."

"बाई, सकाळी सकाळी नको ना डोकं खाऊ. खिडकीवर जा."

तेवढ्यात मामांनी पुकारायला सुरुवात केली. त्यांचा आवाज रोज मोठा असतो म्हणत. त्या दिवशी बसला होता. कांबळे. जाधव. चिप्पा. गुंडेटी. एकेक जण आत जाई. सत्यभामाबाई काठीपासून मागं आल्या आणि खिडकीपासून दोन हातांवर थांबल्या, ना इकडं ना तिकडं. यादी संपली. बाहेर एकोणचाळीस बायका राहिल्या होत्या.

मामांनी कागदाची घडी केली. "ज्यांची नावं आली नाहीत," ते खाली बघत म्हणाले, "त्यांनी पंधरा दिवसांनी यावं. नवीन कार्ड मिळेल. पंचेचाळीस झालेल्यांनी येऊ नये."

सत्यभामाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "साहेब. यादीत हुतं न्हवं?"

"होतं," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं. मामा, शुक्रवारच्या यादीत..."

"हो. त्या यादीत होतं, म्हणून या यादीत नाही." मामा खिडकीतून उठून बाजूच्या दारानं बाहेर आले. "फेर म्हणजे काय वाटलं तुम्हाला? दोनशे तीस दिवस भरले की नाव गाळायचं. पंधरा दिवस घरी बसवायचं. मग नवा नंबर, पुन्हा एकपासून मोजायचं. दोनशे चाळीस कुणाचे होऊच द्यायचे नाहीत. सहा वर्षं तो प्रोग्राम हेच करत आला. यंदा चुकला. सप्टेंबर कोरा गेला. मी कुणाला बोललो नाही."

"मग मला तरी सांगायचं."

"तुम्हाला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पहिल्या दिवशी तुम्ही त्यांच्या गाडीतून उतरलात. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यांना फोन केलात. कुठल्या दिवशी सांगू? येत्या गुरुवारी यांचे दोनशे चाळीस होत होते. मी तुमच्याकडून तेवढे दिवस काढत होतो. किल्ली, रिबीन, तळं. शेवटी देव मधे घातला. तोही तुम्ही उचलून ठेवलात."

बायका पांगायला लागल्या. एक जण भिंतीकडं तोंड करून थुंकली, आणि ते कुणासाठी होतं ते मला कळलं.

सत्यभामाबाईंनी कमरेच्या पिशवीतून दोरी काढली. मला वाटलं, फेकतील. त्यांनी ती सरळ केली, शेवटची गाठ बोटांत धरून पाहिली. मग खाली बसून जेवणाचा डबा फडक्यात गुंडाळला आणि त्यावरून दोरीचे वेढे दिले. दोनशे छत्तीस गाठींची दोरी; डब्याला चार फेऱ्या झाल्या. टोकं ओढून बांधली. ती दोनशे सदतिसावी.

"सत्यभामाबाई, मला खरंच..."

"पेटी बरी झाली न्हवं साहेब?"

मी माझ्या बुटांकडं पाहिलं.

"इचारते. बरी झाली का न्हाई?"

"झाली."

"मग बास. ज्याचं काम त्यानं चोख करावं." डबा काखेत घेऊन त्या उठल्या. अंबाड्यातलं फूल काढलं, ते कुठं ठेवावं असं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, आणि मामांच्या हातात दिलं. मग ज्या रस्त्यानं आल्या होत्या त्या रस्त्यानं गेल्या.

हत्तुरे मामांना दिवाळीच्या आधी रुईच्या गोदामात टाकलं, हे मला पुढं फोनवर कळलं. अहवालातलं माझं वाक्य त्याला पुरलं. गिरणी आता नाही. चांदोरकरांचं शिफारसपत्र माझ्याकडं अजून आहे. त्यात लिहिलंय की स्थानिक अडथळे असूनही या गृहस्थांनी काम अचूक आणि वेळेआधी केलं. ते दाखवून मी तीन नोकऱ्या मिळवल्या. सत्यभामाबाईंचं काय झालं, मी चौकशी केली नाही. करता आली असती.

पण त्या सकाळी अजून पत्र घ्यायचं होतं. ते वर, चांदोरकरांच्या टेबलावर होतं. मी तिथं उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. वर जाऊन ती एक ओळ पुन्हा पहिल्यासारखी करायला दोन मिनिटं लागली असती. कागद फाडायला त्याहून कमी. पुण्याची गाडी साडेनऊची होती.

मी फाटकाकडं वळलो. वॉचमननं मला ओळखलं, काठी बगलेत घेतली आणि सलाम ठोकला. दोन्ही हातांनी ओढून त्यानं ते मोठं लोखंडी फाटक सताड उघडलं.

माझं नाव कुणी पुकारलं नव्हतं. मी सरळ आत गेलो.